कुलूपपेटीवरचे आक्षेप

वर्गात आकड्यांच्या कुलपांची पेटी ठेवायची आणि गटागटाने कोडी सोडवून मुलांनी ती उघडायची, असा तास कुणी घेतला की त्यावर काय बोललं जाणार हे आता ठरून गेलं आहे. ‘खेळ झाला, शिकवलं काय?’ ‘पोर्शन कधी पुरा करणार?’ ‘दोन हुशार पोरं सोडवतात, बाकीची बघत बसतात.’ ‘परदेशातलं फॅड आहे, दोन वर्षांत विरेल.’ केंद्राच्या शिक्षण परिषदेत, शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, सगळीकडे हीच वाक्यं. मी सहावी-सातवीला गणित आणि मराठी शिकवते आणि ही पेटी वापरते. या आक्षेपांना उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं, कारण त्यातले एक-दोन अगदी खरे आहेत आणि त्यांच्या आडोशाने बाकीचे खपून जातात.

परदेशाचा मुद्दा आधी संपवू. बंद खोलीतून कोडी सोडवत बाहेर पडायचं हा खेळ जपानचा. २००४ मध्ये तोशिमित्सु ताकागी यांनी ‘क्रिम्सन रूम’ हा संगणकावरचा खेळ केला आणि २००७ मध्ये क्योटोत ताकाओ कातो यांच्या ‘स्क्रॅप’ने तो खऱ्या खोलीत आणला. त्याच्या एस्केप रूम जगभर झाल्या, पुण्या-मुंबईतही आहेत. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल अमेरिकेत २०१५ च्या सुमारास ‘ब्रेकआउट ईडीयू’ने केला. मुलांना खोलीत कोंडण्याऐवजी त्यांनी पेटीला कुलूप लावलं. एका कोयंड्यात चार-पाच कुलपं आणि प्रत्येक कुलपाचं कोडं वेगळं. खोली नको, सजावट नको, चाळीस मुलांच्या वर्गात बाकावर मावेल एवढाच पसारा. कल्पना बाहेरून आली हे खरंच आहे. खडू-फळाही बाहेरूनच आला. ती आपल्या वर्गात काय काम करते, एवढाच प्रश्न उरतो.

आता खरा आक्षेप. या नावाखाली वर्गावर्गांत जे चालतं त्यातलं बरंच निकामी आहे. चार गणितं सोडवा, प्रत्येक उत्तराचा एककस्थानचा अंक घ्या, ओळीने लावा, कुलूप उघडा. यातून कुलूप काढून घेतलं तर काय बिघडतं? काहीही नाही. तो स्वाध्यायच आहे, नुसता लोखंड लावून जड केलेला. याहून वाईट प्रकार म्हणजे न दिसणाऱ्या शाईचं पेन, निळी टॉर्च, बाकाखाली चिकटवलेली किल्ली. मुलं पाऊण तास बाकं पालथी घालतात, आरडाओरडा भरपूर होतो, आणि घंटा झाली तेव्हा वहीत आणि डोक्यात पाठातलं अक्षरही नसतं. टीकाकार याच्यावर बोट ठेवतात तेव्हा मी त्यांच्या बाजूची आहे.

पण ते बोट त्यांनी कोड्यावर ठेवायला हवं, ते ठेवतात पेटीवर. माझी कसोटी एकच आहे. कुलूप त्या विषयाच्या तर्कानेच उघडलं पाहिजे, दुसऱ्या वाटेने उघडत असेल तर ते कोडं बाद.

दुसऱ्या वाटा मुलांना चटकन सापडतात, म्हणून या कसोटीला फार जपावं लागतं. तीन अंकी कुलपाचे एकूण आकडे १०००. एकेका आकड्याला दोन सेकंद धरले तर तेहतीस मिनिटांत सगळे फिरवून होतात, म्हणजे एका तासिकेत काही न वाचता पेटी उघडते. दोन अंक सापडले असतील तर तिसऱ्यासाठी डोकं चालवायची गरजच नाही, फार तर दहा वेळा चाक फिरवायचं. शिवाय स्वस्तातल्या कुलपाची कडी ओढून धरली की बरोबर अंकापाशी चाक जरा अडखळतं, हे वर्गातल्या एकाला कळलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुलूप चार अंकी हवं. त्याचे आकडे १०,०००, आणि ते सगळे फिरवायला साडेपाच तास लागतात. प्रयत्न तीनच, चौथ्या आधी गटाने येऊन आपलं उत्तर कसं आलं ते मला सांगायचं. ही बंधनं घातली की पोरं चाक सोडून कागदाकडे वळतात.

दशांश अपूर्णांकांचं एक कुलूप सविस्तर सांगते, कारण सगळा वाद त्यात आहे. चार कार्डं: ०.३, ०.२७, ०.४०५ आणि ०.०५४. प्रत्येकाच्या मागे एक अंक, अनुक्रमे ७, २, ९, ४. कार्डं चढत्या क्रमाने लावायची आणि मागचे अंक वाचायचे. बरोबर क्रम ०.०५४, ०.२७, ०.३, ०.४०५. कुलपाचा आकडा ४२७९.

मुलं दशांशात दोन ठरावीक रीतींनी चुकतात. काहींना जास्त अंकांची संख्या मोठी वाटते, कारण दशांशचिन्ह विसरून ती ३, २७, ५४, ४०५ असं वाचतात. त्यांचा आकडा येतो ७२४९. काहींना उलट वाटतं. सहस्रांश हे दशांशांपेक्षा बारीक तुकडे, म्हणजे तीन अंकांची संख्या लहानच असणार. त्यांचा आकडा ४९२७. मेलबर्न विद्यापीठाच्या के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी मुलांच्या या दोन्ही समजुतींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे, आणि आपल्याकडच्या कुठल्याही सहावीच्या वर्गात त्या बाकाबाकावर सापडतात. ०.३ ऐवजी ०.५ आणि ०.२७ ऐवजी ०.४५ घेतले असते तर दुसऱ्या समजुतीची मुलंही नेमक्या बरोबर क्रमाला पोचली असती आणि कुलूप उघडलं असतं. चुकीच्या विचाराला बरोबर उत्तर मिळालं असतं, आणि तसं उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त नुकसान करतं. कोडं करणाऱ्याचं खरं काम या संख्या निवडण्यात आहे. पेटी रंगवण्यात नाही.

गट ७२४९ लावतो. कडी हलत नाही. पहिलं वाक्य बहुधा हेच असतं: “बाई, कुलूप खराब आहे.” मी त्यांच्यासमोर कुलूप आकडा दिसू न देता उघडून दाखवते आणि परत लावते. मग कार्डांवर वाद सुरू होतो. कुणीतरी म्हणतं, ०.३ म्हणजे ०.३० की. दुसरं म्हणतं, मग ०.२७ लहान झालं. “अगं, मग ०.०५४ कुठे जाईल?” मी काही बोललेली नसते. मला मात्र त्यांच्या पहिल्या आकड्यावरून कळलेलं असतं की या गटाशी उद्या काय बोलायचं. घटक चाचणीत ‘१० पैकी ४’ यातून हे कळत नाही.

हेच काम वहीत होत नाही का? होऊ शकतं, पण होताना दिसत नाही. वही तपासून येते ती दोन-तीन दिवसांनी. तोवर मूल पुढच्या पाठात असतं आणि लाल फुलीकडे बघून पान उलटतं. फळ्यापाशी चुकलं तर सगळा वर्ग बघतो. कुलूप चूक त्याच क्षणी सांगतं आणि कुणाला हसत नाही. ते उत्तरही सांगत नाही. फक्त उघडत नाही, आणि मुलाला स्वतःच्याच कामाकडे परत जावं लागतं. वर्गात चुकायला घाबरणारी मुलं या एका गोष्टीने किती मोकळी होतात, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी ‘खेळ झाला’ म्हणू नये.

आता अभ्यासकांच्या नावाने केला जाणारा आक्षेप. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. नवशिक्या मुलांना कमीत कमी मार्गदर्शन देऊन सगळं स्वतः शोधायला लावलं तर शिकणं नीट होत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्ञानरचनावादाच्या नावाखाली आपल्याकडे फरशीवर नुसते तक्ते रंगवले गेले तेव्हा हा निबंध अनेकांनी वाचायला हवा होता. मला तो पटतो. म्हणूनच न शिकवलेल्या घटकाची पेटी मी कधी लावत नाही. दशांश शिकवून झाले, उदाहरणं झाली, आठ-दहा दिवस गेले, मग पेटी. शिकलेलं आठवून काढायला लागलं की ते पक्कं होतं, हे रोडिगर आणि कारपिके यांनी २००६ मध्येच दाखवलं आहे. उतारा परत परत वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिला. पेटी हे आठवून काढण्याचंच निमित्त आहे. किर्शनर यांचा निबंध पेटीच्या विरोधात वापरणाऱ्यांनी ती कधी उघडायची हे विचारलेलंच नसतं.

पेटीने मुलं खरंच जास्त शिकतात याचा पुरावा काय? नेदरलँड्समधल्या आलिस फेल्डकँप आणि सहकाऱ्यांनी शिक्षणातल्या एस्केप रूमवरच्या अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये घेतला. मुलांना मजा येते, ती मनापासून भाग घेतात, हे ठळक दिसतं. शिकणं किती झालं याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. टीकाकार इथे थांबतात. त्याच आढाव्याचा रोख असाही आहे की पुष्कळ ठिकाणी खेळाची रचना आणि शिकण्याचं उद्दिष्ट एकमेकांना जुळलेलंच नव्हतं. निकामी कोडी भरलेल्या पेट्या तपासल्या तर निकामीच निष्कर्ष येणार. चांगली कोडी करा आणि मग तपासा, एवढं मागणं अवाजवी नाही.

‘दोन हुशार पोरं सोडवतात.’ हो, एकच कागद गटाच्या मध्ये ठेवलात तर तसंच होणार. प्रश्नोत्तराच्या तासाला वेगळं काय होतं? तीच दोन पोरं हात वर करतात, आणि तेव्हा कुणाला आक्षेप नसतो. पेटीत हे मोडायची सोय आहे. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला काळी, गोरी आणि मेक्सिकन-अमेरिकन मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि ताण वाढला, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. बाकीच्यांना तो तुकडा त्याच्याकडूनच ऐकावा लागे. मी सुगावे तसेच वाटते. चौघांकडे चार चिठ्ठ्या, चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, फक्त वाचून दाखवायची. अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या चिठ्ठीवर पेटी अडली की हुशार मुलगा त्याला “थांब, परत वाच, सावकाश” म्हणतो. गटाच्या यशासाठी त्याचं वाचन लागतं. उपचारात्मक वर्गात मागे बसवलेल्या मुलाला हे शाळेत क्वचितच अनुभवायला मिळतं.

याच कारणासाठी मी घड्याळ लावत नाही. बाहेरच्या एस्केप रूममध्ये साठ मिनिटं उलटी मोजतात, तो त्यांचा धंदा आहे. वर्गात घड्याळ लावलं की सावकाश विचार करणारं मूल गटाला नकोसं होतं, आणि वर जे कमावलं ते सगळं जातं. पेटीत चॉकलेटंही ठेवत नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्र काढल्याबद्दल प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगितलं होतं ती मुलं नंतर आपण होऊन चित्रं काढायला कमी बसू लागली. म्हणून ‘मुलं बक्षिसासाठीच खेळतात’ हा आक्षेप रास्तच आहे. तो मान्य केल्यावर पेटीचं काहीच नुकसान होत नाही.

पेटीत काय ठेवायचं मग? पुढचा प्रश्न. इथे मला देवळालीच्या एका शाळामास्तरांचं नाव घ्यायचंच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर परत तेच करा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच राहता. हे त्यांनी १९४९ मध्ये मांडलं. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाला करमणुकीचं गणित म्हणून बाजूला सारलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा जगाला ते नाव कळलं. खेळ म्हणजे हलकं, हा आपला जुना रोग आहे आणि त्याने आपल्याच माणसाचं नुकसान केलेलं आहे.

कापरेकरांच्या ६१७४ चं कुलूप असं लावायचं: प्रत्येक गटाने आपल्या मनाची संख्या घ्यायची. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. तीन पायऱ्यांत काम झालं. २१११ घेणाऱ्या गटाची खरी परीक्षा असते. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. हे ०९९९ असं लिहिलं तर पुढे ९९९० वजा ०९९९ करत पाचव्या पायरीला ६१७४ येतं. पुढचं शून्य गाळलं तर ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य, आणि गट अडकतो. शून्याची स्थानिक किंमत पाचवीपासून पाठ असते. ती न वापरल्याने काय होतं, हे इथे हाताला लागतं. एका गटाचं कुलूप उघडतं, मग दुसऱ्याचं, आणि वर्गात गलका होतो: आपण तर वेगळी संख्या घेतली होती, कुलूप एकाच आकड्याला कसं उघडलं? पेटीतल्या चिठ्ठीवर तेवढंच लिहिलेलं असतं: ‘असं का होतं? तीन अंकी संख्येला काय होईल?’ तीन अंकीला ४९५ येतं, ते काढायला मुलं घरी वही घेऊन बसतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

भाषेला पेटी चालत नाही असंही म्हणतात. अक्षरांची कुलपं बाजारात इंग्रजीत मिळतात, हे खरं. पण आपली वर्णमाला मुळातच तक्त्यात बसवलेली आहे, वर्गाचा क्रमांक हाच कुलपाचा अंक. कंठ्य १, तालव्य २, मूर्धन्य ३, दंत्य ४, ओष्ठ्य ५. वर्गात ‘तबकडी’चं चित्र दाखवायचं, शब्द लिहायचा नाही. मुलं त-ब-क-ड पुटपुटतात, जीभ कुठे लागते ते बघतात, ४५१३ लावतात. पाठ्यपुस्तकात ही नावं घोकली जातात, इथे ती तोंडात सापडतात. मी मुद्दाम एका पेटीला ‘चिमटा’ आणि ‘चमचा’ दोन्ही ठेवते. “बाई, चमच्यातला च वेगळा आहे, जीभ दातांकडे जाते.” मराठीच्या च ला दोन उच्चार आहेत ही गोष्ट मुलांच्या तोंडून येते, आणि मग दुसऱ्या उच्चाराला नवा अंक हवा की नको यावर जो वाद होतो तो व्याकरणाचाच तास असतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांत शतकानुशतकं लिहून ठेवले आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्या उकलल्या, ही हकिगत सातवीच्या मुलांना सांगायची हीच वेळ. तेव्हा ती कान देऊन ऐकतात.

खर्चाचं उत्तर दोन ओळींत. चार अंकी कुलूप शे-दीडशे रुपयांना मिळतं. तेही नसेल तर एका मुलाला कुलूपवाला करायचं. त्याच्याकडे उत्तराची चिठ्ठी, तोंडून फक्त ‘उघडलं’ किंवा ‘नाही’. फोन असेल तर गूगल फॉर्ममध्ये ठरावीक उत्तराशिवाय पुढचं पान न उघडण्याची सोय आहे.

आणि पोर्शन. राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, त्यात आकारिक मूल्यमापनाच्या तंत्रांमध्ये उपक्रम आणि कृतीला जागा आहे. ते रकाने पुष्कळ ठिकाणी सत्र संपताना एका बैठकीत भरले जातात, हे शिक्षकांना सांगायला नको. पेटीचा एक तास त्या रकान्यात लिहिण्याजोगं खरं काहीतरी देतो: कुठला गट कुठल्या आकड्यावर अडला, कुणी चूक शोधली, कुणी समजावलं. वेळ वाया जातो तो दशांश न समजता पुढे सरकलेल्या मुलांवर सातवी-आठवीत परत घालवावा लागतो तेव्हा.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा स्वतःचा आहे आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो: अशी कोडी करायला वेळ कुठून आणायचा? माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी, निवडणुकीची कामं, आणि कितीतरी शाळांत दोनच शिक्षक. एका शिक्षकाने एकट्याने हे करावं असं कुणी म्हणत असेल तर मी टीकाकारांबरोबर उभी राहीन. पण केंद्रातल्या दहा शाळांनी एकेका घटकाची एकेक पेटी केली तर दहा पेट्या फिरत्या राहतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे आमची मागणी साधी आहे: पुढच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस द्या, पडद्यावर स्लाइड दाखवू नका, विषयवार गट करून बसवा, आणि प्रत्येक गटाकडून एक कोडं घ्या ज्यात मुलांच्या नेहमीच्या दोन चुकांचे आकडे आधीच काढलेले असतील. ते कोडं दुसऱ्या गटाने विषय न वापरता उघडून बघायचा प्रयत्न करावा. उघडलं तर परत करायला द्या.